यंत्रं किती ते राहू द्या, रेडिएशन किती जणांना मिळालं ते सांगा

कोकणात कॅन्सरच्या उपचारांचा विषय निघाला की दोन बाजू आपापल्या जागी जाऊन उभ्या राहतात. एक म्हणते, आमच्या जिल्ह्याला रेडिएशनचं यंत्र द्या, मग बाकीचं बोला. दुसरी म्हणते, मुंबई एका रात्रीच्या गाडीवर आहे, टाटासारखं हॉस्पिटल आहे, मग कोट्यवधींचं यंत्र खाऱ्या हवेत आणून गंजवायचं कशाला? निवडणूक जवळ आली की पहिली बाजू चढते, अंदाजपत्रकाची वेळ आली की दुसरी. दोन्हीकडे शहाणी माणसं आहेत. तरी हा वाद वर्षानुवर्षं जागचा हलत नाही, कारण ज्या आकड्याने तो पुढे सरकेल तो आकडा कुणी मागतच नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या ज्या शंभर रुग्णांना रेडिएशन मिळायला हवं होतं, त्यांतल्या किती जणांनी ते सुरू केलं आणि किती जणांनी मुदतीत पुरं केलं? माझं म्हणणं असं की आरोग्य खात्याने हे तालुकावार मोजून दरवर्षी जाहीर करावं, आणि दक्षिण कोकणातल्या रुग्णाला सकाळी घरून निघून संध्याकाळी घरी परतता येईल इतक्या अंतरावर रेडिएशन मिळावं. यातला दुसरा भाग यंत्र मागणाऱ्यांना गोड लागेल. त्यांनी टाळ्या वाजवायची घाई करू नये. भांडण त्यांच्याशीही आहे.

आधी मोजमाप. कॅन्सर झालेल्या शंभर माणसांपैकी साधारण निम्म्यांना आजाराच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर रेडिएशनचा फायदा होतो, असं आज जगभर धरलं जातं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००५ साली एकेक कॅन्सर, एकेक टप्पा घेऊन हा हिशेब मांडला तेव्हा उत्तर ५२ टक्क्यांच्या आसपास आलं; पुढे सुधारून मांडला तेव्हा ४८ च्या आसपास. हा आकडा कुठल्याही मुलखाला जसाच्या तसा चिकटवता येत नाही. कुठे कुठला कॅन्सर जास्त, आणि तो किती उशिरा सापडतो, यावर तो वरखाली होतो. आता कोकण बघा. तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा ही तीन नावं इथे घराघरांत माहीत आहेत. सकाळी उठून मशेरी लावणाऱ्या बाया अजून आहेत, आणि २०१२ पासून राज्यात गुटख्याला बंदी असूनही पुडी कुठल्या टपरीवर मिळते ते शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. या तिन्ही कॅन्सरांत रेडिएशन हा मुख्य उपचारांपैकी एक, त्यामुळे इथली गरज निम्म्याहून फार खाली असेल असं मानायला आधार नाही. मात्र जास्त वापर म्हणजे आपोआप चांगला वापर, असंही नव्हे. सरकारी आरोग्य योजनेतून पॅकेज सुटतं म्हणून गरज नसलेलं महागडं रेडिएशन देणारेही असतात. म्हणून 'किती जणांना दिलं' याच्या शेजारी 'किती जणांना द्यायला हवं होतं' हा रकाना लागतोच.

या उपचाराचा एक स्वभाव वादात कुणी ध्यानातच घेत नाही. ऑपरेशन एकदा होतं. केमोची सलाईन बहुधा तीन आठवड्यांनी येते. रेडिएशन रोज असतं. कुडाळच्या आतल्या एखाद्या वाडीतली पन्नाशीची बाई धरा. गर्भाशयमुखाचा कॅन्सर, अजून आवाक्यातला. तिला सोमवार ते शुक्रवार रोज एक, असे पाच आठवड्यांत २५ शेक, म्हणजे रेडिएशनच्या खेपा. आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाईन. त्यानंतर आतून द्यायचं रेडिएशन, म्हणजे ब्रॅकिथेरपी, त्याच्या आणखी काही खेपा. हे सगळं आठ आठवड्यांच्या आत संपलं पाहिजे. त्यापुढे लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. तिच्या ओटीपोटावर शाईच्या खुणा केलेल्या असतात, त्यांवरून यंत्राचा नेम धरायचा; त्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून अंघोळ जपून, आणि वैशाखातल्या घामात तर फारच जपून. रोज टेबलावर जायच्या आधी ठरलेलं पाणी पिऊन, लघवी धरून बाकावर बसायचं, कारण मूत्राशय भरलेलं असलं की आतडी किरणांच्या वाटेतून बाजूला सरकतात. नंबर लांबला की त्या बाकावरची पंधरा मिनिटंही संपता संपत नाहीत. टेबलावरचं काम मात्र दहाएक मिनिटांचं. २५ दिवसांचा यंत्राखालचा वेळ जमवला तर चार तासांच्या वर फारसा जात नाही. तेवढ्या चार तासांसाठी तिने दोन महिने घर सोडायचं. मध्ये लावणी आली, गणपती आले, सासू अंथरुणाला खिळलेली असली, तर? सोबत कोण जाणार, आणि सोबत जाणाऱ्याचा बुडालेला रोज कोण भरून देणार? डॉक्टर उपचार समजावून सांगत असतात आणि तिच्या डोक्यात एकच चाललेलं असतं, 'दोन म्हयने थंय रवतलंय खंय?'

मुंबईवाल्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा नेमका इथेच येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कोकणी माणसाला मुंबई परकी नाही. घरटी एक चाकरमानी आहे. बिहारहून आलेल्या रुग्णाला परळला उतरल्यावर जे पोरकेपण येतं ते राजापूरच्या माणसाला यायचं कारण नाही. उलट, २८ फेब्रुवारी १९४१ ला टाटा मेमोरियल परळला उघडलं ते कोकण्यांच्या वस्तीतच उघडलं म्हणायला हवं. भोवती गिरणगाव होतं. लालबाग, परळ, शिवडी, नायगावच्या चाळींत रत्नागिरी जिल्ह्यातली (तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा झालेला नव्हता) गावंच्या गावं नांदत होती. गावाच्या मंडळाची खोली, म्हणजे गाळा असे. एक पाळी गिरणीत असताना दुसरी तिथे वळकट्या पसरून झोपे. जेवण खानावळवाल्या बाईकडे. गावाहून आजारी माणूस आला की त्याचीही पथारी त्याच गाळ्यात पडे, आणि हॉस्पिटल चालत जाण्याच्या अंतरावर. कुठल्याही सरकारने न बांधलेलं हे रुग्णनिवास होतं, आणि त्याच्या जोरावर कोकणातल्या कितीतरी रुग्णांचे उपचार निभावले.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि तो रीतसर कधी संपलाच नाही. गिरण्या गेल्या, त्यांच्या जमिनी गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले. त्या गाळ्यात झोपणाऱ्यांची मुलं-नातवंडं आज नालासोपारा, विरार, दिवा, बदलापूर इथे राहतात. वन-रूम-किचन, चार माणसं, दोघं सकाळच्या लोकलला लोंबकळणारी. अशा घरात उलट्यांनी हैराण झालेल्या काकीला दोन महिने ठेवून घ्यायचं आणि रोज विरारहून परळला नेऊन परत आणायचं, हे कुणी करायचं? जीव तुटतो, पण जागा नाही आणि रजाही नाही. 'तुमचे तर मुंबईत नातेवाईक असतात' असं म्हणणारा माणूस संपाआधीच्या मुंबईविषयी बोलत असतो. २०२१ साली टाटाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी म्हाडाची १०० घरं द्यायचं ठरलं तेव्हा आधी ठरलेल्या जागेला तिथल्या रहिवाशांनी विरोध केला, शेवटी जागा बदलावी लागली. ते रहिवासी दुष्ट होते असं मला वाटत नाही. गिरणगावात एकेका खोलीसाठी माणसांनी काय सोसलंय ते आठवलं तर त्यांचा धसका कळतो. दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा वर्षानुवर्षं हा भार उचलते आहे, इतर संस्थाही आहेत, तरी हॉस्पिटलच्या आजूबाजूच्या फुटपाथवर फाईल उशाशी घेऊन झोपलेली माणसं दिसतातच. रेल्वे कॅन्सरच्या रुग्णाला उपचारांसाठी जाताना स्लीपर आणि थ्री-टियर एसीचं भाडं पूर्ण माफ करते, सोबत्यालाही मोठी सवलत देते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना रेडिएशनचा खर्च उचलते. जाणं फुकट झालं, उपचार फुकट झाले. मधले दोन महिने राहायचं कुठे ते ज्याचं त्याने बघायचं.

हिशेबी लोकांचा आक्षेप वेगळा आहे : एवढ्याशा लोकसंख्येला यंत्र परवडणार नाही, ते रिकामं राहील. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीची लोकसंख्या १६ लाख १५ हजार होती, सिंधुदुर्गची साडेआठ लाखांच्या किंचित खाली, आणि दोन्ही जिल्ह्यांत ती आधीच्या दहा वर्षांत घटलेली. तेव्हा शंका रास्त आहे. पण मग हिशेब शेवटपर्यंत करून बघावा ना. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या अंदाजानुसार २०२२ साली देशात १४ लाख ६० हजारांवर नवे रुग्ण, म्हणजे लाखामागे सुमारे १००. खेड्यापाड्यांत हे प्रमाण कमी नोंदलं जातं, म्हणून हात आखडून ६० च धरू. दोन्ही जिल्ह्यांच्या साडेचोवीस लाखांवरच्या वस्तीत वर्षाला सुमारे १,४८० रुग्ण झाले. निम्म्यांना रेडिएशन लागणार, म्हणजे ७४०. एक यंत्र वर्षाला साधारण ४५० नवे रुग्ण घेतं असं नियोजनात धरतात. इतक्या कंजूष हिशेबातही दीड यंत्राहून जास्त काम निघतं. शिवाय तरुण माणसं बाहेर गेल्यावर गावात राहतात ते म्हातारे, आणि कॅन्सर हा बराचसा उतारवयाचा रोग. निवृत्तीनंतर गावी घर बांधून परतणारा चाकरमानी नेमका त्याच वयात परततो.

यावर उत्तर येतं, 'पण आज इतके रुग्ण येताना दिसत नाहीत.' दिसतील कुठून? जिथे उपचारच नाही तिथे त्याची रांग कशी लागणार? कोकण रेल्वेबद्दल हेच ऐकत दोन पिढ्या गेल्या. डोंगर आहेत, खाड्या आहेत, खर्च अफाट आहे, आणि एवढं करून बसणार कोण? बॅ. नाथ पै आणि मधु दंडवते यांच्यासारख्यांनी मागणी लावून धरली म्हणून ती जिवंत राहिली. २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळुरूच्या बाजूपर्यंतचा संपूर्ण मार्ग खुला झाला, आणि आज गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण खिडकी उघडल्यावर काही मिनिटांत संपतं. एसटीच्या लाल डब्यांतली डोकी मोजून कुणी रेल्वेची गरज ठरवली असती तर आपण अजून परशुराम आणि कशेडी घाटांच्या वळणांवर पिशव्या हातात धरून बसलो असतो. जो उपचार घेता येत नाही तो न घेणाऱ्यांची संख्या मोजून 'मागणी नाही' म्हणणं त्याच जातीचं आहे.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र यंत्र मागणाऱ्या माझ्या मित्रांनी थोडं थांबावं. रेडिएशनचं यंत्र म्हणजे एक्स-रे मशीन नव्हे, की आणलं, प्लग लावला आणि फीत कापली. दीड-दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंतींची खोली लागते. डॉक्टर लागतो, रोज डोस तपासणारा फिजिसिस्ट लागतो, तंत्रज्ञ लागतात, अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. यातला एक जण नोकरी सोडून गेला तरी सगळं ठप्प. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात १९८७ साली, बंद पडलेल्या रेडिएशन दवाखान्यात मागे राहिलेलं सिझियमचं यंत्र भंगारवाल्यांनी फोडलं. चार माणसं गेली, अडीचशेच्या आसपास माणसांना बाधा झाली. लांब कशाला, २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात दिल्ली विद्यापीठातून निघालेलं कोबाल्टचं जुनं उपकरण पोचलं आणि एकाचा जीव गेला. सरकारी रुग्णालयांत खोक्यातून बाहेरच न निघालेली यंत्रं आणि तंत्रज्ञ नाही म्हणून कुलूपबंद सोनोग्राफीच्या खोल्या कोकणी माणसाने पाहिलेल्या नाहीत का? वर आपला निसर्ग. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ, पुढच्याच मे महिन्यातलं तौक्ते, २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर. वाशिष्ठीच्या काठी, पुराच्या रेषेखाली कुणी असा बंकर बांधायला निघालं तर त्याला आधी मी विरोध करीन.

पण यातून 'म्हणून यंत्र नकोच' हे कसं निघतं? निघतं ते एवढंच, की माणसं आधी नेमा, देखभालीचा करार आधी करा, जागा आमदाराच्या सोयीने नव्हे तर पूररेषा आणि एसटीचे मार्ग बघून ठरवा. लिनियर अॅक्सिलरेटर, म्हणजे विजेवर किरण तयार करणारं यंत्र (लिनॅक), अचूक असतो, पण त्याला स्थिर वीज आणि तत्पर दुरुस्ती लागते. कोबाल्टच्या यंत्राचा नेम त्याच्याइतका बारीक नाही, आणि त्यातल्या किरणोत्सारी स्रोताचा जोर सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, म्हणजे ठरावीक काळाने बदलावा लागतो. पण ते तुलनेने दणकट असतं. भाभा अणुसंशोधन केंद्राने तुर्भ्याला भाभाट्रॉन नावाचं असं यंत्र घडवलं, ते भारताने परदेशांनाही भेट दिलं. कोबाल्टचं नाव काढलं की हल्लीचे डॉक्टर नाक मुरडतात. शहरात ते बरोबरही असेल. पण वर्षातले तीन महिने सुट्या भागाची वाट बघणाऱ्या झकपक लिनॅकपेक्षा रोज चालणारा भाभाट्रॉन मी पत्करीन. आणि मोठ्या शहराबाहेर हे जमतच नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी बार्शीकडे बघावं. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. तिथे नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर हॉस्पिटल उभं राहिलं, १९८७ साली तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, आणि नोंदणीच्या निमित्ताने गावोगाव फिरणाऱ्या माणसांनी लोकांशी बोलत राहिल्यामुळे बाया गर्भाशयमुखाचा कॅन्सर घेऊन आधीच्या टप्प्यावर यायला लागल्या, हे पुढे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. बार्शीकरांना कुणी विचारलं नसेल का, सोलापूर-पुणे असताना तुम्हाला हे कशाला?

आपल्याकडेही सगळा अंधार नाही. चिपळूण तालुक्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने टाटाच्या साथीने गावोगाव तपासणीचं आणि नोंदणीचं काम उभं केलं आहे. त्याचं मोल मोठं आहे. पण डेरवणहून दोडामार्ग अडीचशे किलोमीटरच्या घरात पडतं. कोकण हा उभा पट्टा आहे, उत्तर-दक्षिण ताणलेला, त्यामुळे 'जिल्ह्यात सोय झाली' या वाक्याला इथे फारसा अर्थ नाही. सिंधुदुर्गातला माणूस मोठ्या आजाराला पूर्वापार गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात धावतो, पण तिथेही २०१८ पासून गोव्याबाहेरच्यांना पैसे मोजावे लागू लागले तेव्हा केवढी पळापळ झाली ते जिल्ह्याने पाहिलं. उरले आंबा आणि आंबोली घाटापलीकडचे कोल्हापूर-बेळगाव. रोज घाट चढून-उतरून पाच आठवडे शेक घ्यायचे, तेही पावसाळ्यात? करून बघावं कुणी.

अंतराचा आणखी एक परिणाम असा, की तो रेडिएशन न घेतलेल्यांच्या यादीत दिसतही नाही. स्तनाचा कॅन्सर लवकर सापडला तर फक्त गाठ काढून, पुढे रेडिएशन देऊन स्तन वाचवता येतो. पण रेडिएशनची सोय लांब असली की बाई म्हणते, पूर्ण काढून टाका, परत परत येणं नको. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात हे वारंवार दिसलं आहे : केंद्रापासून घर जितकं दूर, तितकं पूर्ण स्तन काढण्याचं प्रमाण जास्त. कागदावर त्या बाईला 'रेडिएशनची गरज नव्हती' असं नोंदलं जातं. गरज तिने रस्त्याच्या लांबीमुळे काढून टाकली होती. 'मग ऑपरेशनच करा, शेक कशाला' हा सल्ला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरातही सर्रास ऐकू येतो. टाटा मेमोरियलमध्येच ६३३ बायांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आधी केमो देऊन ऑपरेशन करणं आणि रेडिएशनसोबत केमो देणं यांची तुलना झाली. पाच वर्षं आजाराशिवाय राहिलेल्यांचं प्रमाण ऑपरेशनच्या गटात सुमारे ६९ टक्के, रेडिएशनच्या गटात जवळपास ७७. आणि तोंडाच्या कॅन्सरात ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हावं लागतं. ऑपरेशन छान झालं, टाके सुकले, जेवायला लागला, आणि पुढची चिठ्ठी कपाटात पडून राहिली, अशी माणसं कोकणात कुणाच्या ओळखीत नाहीत? यात अंतराइतकीच भीतीही असते, 'शेक दिला की माणूस करपतो' ही. ती यंत्र आणून जाणार नाही, हे कबूल. पण शेजारच्या वाडीतली बाई रोज एसटीने जाऊन येते, घरी येऊन भाकऱ्या भाजते, हे दिसू लागलं की ती जितकी ओसरेल तितकी कुठल्याही पत्रकाने ओसरणार नाही.

दोन्ही बाजूंच्या नजरेतून सुटलेली गोष्ट म्हणजे यंत्र न वाढवताही बरंच काही करता येतं. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीने २०२० साली दाखवलं की स्तनाच्या कॅन्सरात ऑपरेशननंतर तीन आठवड्यांत १५ शेक देण्याऐवजी एका आठवड्यात ५ दिले तरी पाच वर्षांनंतरचा निकाल उणा पडत नाही. कॅन्सर हाडात उतरल्यावर होणाऱ्या असह्य दुखण्यावर एकच मोठा डोस बहुतेकदा दहा छोट्या डोसांइतकाच आराम देतो. काहींना तो पुन्हा द्यावा लागतो, एवढंच. विरारच्या घरात एक आठवडा राहणं जमू शकतं. एका दिवसासाठी तर तुतारी एक्स्प्रेसने जाऊन कोकणकन्या एक्स्प्रेसने परत येता येईल. लांबून आलेल्याला छोटा उपचार चालण्यासारखा असेल तर तोच आधी सुचवावा, हा नियम लावायला कुठलाही बंकर बांधावा लागत नाही. तसंच ७४० रुग्णांचा हिशेब वर केला, त्यांतल्या गुंतागुंतीच्या केसेस मुंबईलाच गेल्या पाहिजेत. मेंदूच्या गाठी, लहान मुलांचे कॅन्सर. नेहमीच्या तीन-चार कॅन्सरांची ठरलेली उपचारपद्धती मात्र २०१२ पासून चालू असलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने, म्हणजे देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्याने, सगळ्यांसाठी लिहूनच ठेवली आहे.

आता आकड्यांतली एक फसगत. सरकारी कागदावर 'कोकण विभाग' म्हणजे मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. या विभागाची सरासरी काढली तर कोकणासारखा भाग्यवान मुलूख देशात सापडणार नाही. नुसतं रायगड घेतलं तरी तेच : टाटाचं खारघरचं भलंमोठं केंद्र पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यातच येतं. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या पोलादपूरच्या माणसाला त्याचा जो उपयोग, तोच त्या सरासरीचा. आणखी एक. १९६२ पासून टाटा मेमोरियल अणुऊर्जा खात्याच्या ताब्यात आहे. त्याच खात्याच्या कंपनीला राजापूर तालुक्यात जैतापूरला ९,९०० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या उभारायच्या आहेत. त्या प्रकल्पाबद्दलचं भांडण इथे काढत नाही. पण खात्याला राजापूरचा रस्ता माहीत नाही, असं तरी कुणी म्हणू नये.

२०२५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कॅन्सरचं डे-केअर केंद्र काढायची घोषणा झाली. चांगलीच आहे. तिथे केमो मिळेल. रेडिएशन नाही. शिवाय केमो घराजवळ आणि रेडिएशन पाचशे किलोमीटरवर अशी विभागणी झाली की, ज्याला दोन्ही लागतात तो जवळचं तेवढं घेईल आणि 'उपचार चालू आहेत' या समाधानात राहील, ही भीती मला वाटते.

क्षयरोगाच्या बाबतीत हा धडा आपण एकदा शिकलो आहोत. मद्रासमधल्या अभ्यासाने १९५९ साली दाखवून दिलं की सॅनेटोरियममध्ये ठेवून आणि घरी ठेवून केलेल्या उपचारांत निकाल सारखेच येतात, अट एकच, औषध नियमित घेतलं पाहिजे. त्यानंतर सॅनेटोरियमच्या खाटा मोजण्याला अर्थ उरला नाही. पुढे देशभरचा कार्यक्रम उभा राहिला तो किती जणांनी उपचार सुरू केले, किती जणांनी पुरे केले, किती जण मध्येच गळाले, याच नोंदींवर. गळालेल्याच्या दारात आरोग्यसेवक जाऊ लागला. कॅन्सरला ही शिस्त का लागू नये? माहिती जमवायला नवं खातं नको. नव्या रुग्णांची नोंद टाटाच्या नोंदणीत होते. फुले योजनेच्या दाव्यांत निदान, पॅकेज, तारखा आणि रुग्णाचा पत्ता असतो. नावं झाकून हे दोन कागद एकमेकांशी लावायचे. पहिल्या वर्षी आकडे ओबडधोबड येतील. पदरचे पैसे घालून उपचार घेतलेले सुटतील, गोवा-बेळगावला गेलेले सुटतील. सुटू देत. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत कुठल्या तालुक्यात किती साकव झाले याचा तक्ता ठेवतातच, त्याच्या मागे आणखी एक पान जोडायचं : नवे रुग्ण, रेडिएशन लागणारे, सुरू केलेले, मुदतीत पुरं केलेले. मंडणगड आणि दोडामार्गच्या ओळी पालकमंत्र्यांनी आधी वाचाव्यात, यंत्र कुठे बसवायचं ते नंतर बोलावं.